साक्षीदाराची गोष्ट : 'मित्राची गोष्ट' ते 'अलीगढ'

विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. हंसल मेहता दिग्दर्शित 'अलीगढ' हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. या दोन कलाकृतींमध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे. भाषा वेगळी, माध्यम वेगळे, काळही वेगळा. एकीची नायिका स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन तरुणी आहे, तर दुसरीचा नायक निवृत्तीला काही महिने उरलेला मराठीचा प्राध्यापक आहे. तरीही दोहोंची रचना शेजारी ठेवून पाहिली असता एक साम्य ठळकपणे जाणवते. दोन्ही ठिकाणी समलिंगी व्यक्तीची कथा प्रेक्षकांपर्यंत पोचते ती एका भिन्नलिंगी तरुण पुरुषाच्या मार्फत. नाटकात तो बापू आहे, चित्रपटात दीपू. दोघेही सहृदय आहेत, काहीसे बुजरे आहेत आणि कथेच्या अखेरीस मागे उरणारेही तेच आहेत.

लोकप्रिय माध्यमांतील समलिंगी व्यक्तींच्या चित्रणाची चर्चा बहुधा 'सकारात्मक की नकारात्मक' या प्रश्नापाशी थांबते. व्यक्तिरेखेची टिंगल केली आहे का, तिला खलरूप दिले आहे का, तिचा शेवट मृत्यूत केला आहे का, एवढे तपासून निवाडा दिला जातो. हा निवाडा अनावश्यक नाही. पण अपुरा आहे. सहानुभूतीने केलेल्या चित्रणातही 'कोण पाहतो आणि कोण सांगतो' हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखात मराठी रंगभूमी आणि मराठीशी थेट नाते असलेले चित्रपट यांच्या आधारे याच प्रश्नाचा विचार केला आहे. मध्यस्थ साक्षीदाराची योजना ही मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षकाला या विषयाजवळ आणणारी वाट ठरली. परंतु ही वाट कुठपर्यंत जाते आणि कुठे थांबते, हेही त्याच योजनेने ठरवून टाकले, असे येथे प्रतिपादन आहे.

विनोदी चित्रपटांचा येथे फार विचार करण्याचे कारण नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधील स्त्रीवेष हा भाड्याच्या घरासाठी केलेला बनाव आहे. त्यामागे स्त्री-भूमिकांची आणि सोंगांची जुनी परंपरा आहे, आणि त्याला समलिंगी व्यक्तींची थट्टा ठरवणे म्हणजे हाती आलेला सिद्धान्त दिसेल त्या वस्तूवर लावणे होय. 'कल हो ना हो' (२००३) आणि 'दोस्ताना' (२००८) या हिंदी चित्रपटांचे तसे नाही. तेथे दोन पुरुषांमधील जवळीक हाच विनोदाचा विषय आहे, आणि त्या दोघांना खरे तसे काही वाटत नाही याची हमी प्रेक्षकाला आधीच दिलेली आहे. 'दोस्ताना'तील दोघे नायकही भाड्याच्या घरासाठीच सोंग घेतात, हा योगायोग मात्र बोलका आहे. १९८८ मध्ये घर मिळवण्यासाठी स्त्री व्हावे लागले, २००८ मध्ये समलिंगी जोडपे! दोन्हींत सोंग उतरवण्याची सोय कायम राहते. ज्याला ते उतरवता येत नाही त्याच्याविषयी गंभीरपणे बोलू पाहणाऱ्या कलाकृतींकडे आता वळणे योग्य ठरेल.

'मित्राची गोष्ट' : गोष्ट कोणाची?

विनय आपटे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात सुमित्रा देव ऊर्फ मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. श्रीकांत मराठे म्हणजेच बापू हा सामान्य रूपाचा, आत्मविश्वास नसलेला विद्यार्थी मित्राच्या मोकळ्या, धीट व्यक्तिमत्त्वाने भारावून जातो. तिच्या मैत्रीचा अर्थ तो आपल्या परीने लावू लागतो. पुढे तिने आत्महत्येचा प्रयत्न केल्यानंतर आपल्याला पुरुषांविषयी आकर्षण वाटत नाही हे ती त्याच्यापाशी बोलून दाखवते. महाविद्यालयाच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते आणि नमा देशमुख नायिकेची. तेथून मित्राचे नमावरील प्रेम सुरू होते. नमाचा प्रियकर मन्या दळवी या प्रेमाचा वैरी बनतो. बापू दोघींच्या भेटींना साहाय्य करतो, मित्राच्या बाजूने उभा राहतो, बदनामीचा वाटेकरी होतो आणि अखेर थकून दूर होतो. मित्रा एकाकी पडते आणि आयुष्य संपवते.

नाटकाचे शीर्षक मराठीतच शक्य असलेल्या एका द्व्यर्थावर उभे आहे. 'मित्राची' हे नायिकेच्या लाडक्या नावाचे षष्ठीचे रूप आहे, तसेच ते 'मित्र' या पुल्लिंगी सामान्यनामाचेही आहे. म्हणजे ही मित्रा नावाच्या स्त्रीची गोष्ट आहे. एका मित्राने सांगितलेली गोष्ट आहे. आणि त्या मित्राची स्वतःची गोष्टही आहे. इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात मैत्री टिकली, परंतु नायिकेचे नाव हरवले. तेंडुलकरांनी ही संदिग्धता सहज म्हणून ठेवली असेल असे वाटत नाही. नाटकाच्या रचनेतच ती खोलवर रुजलेली आहे. बापू प्रेक्षकांशी थेट बोलतो, आठवणी सांगतो, प्रसंगांना जोडत जातो. मित्रा मात्र प्रेक्षकांशी थेट बोलत नाही. ती बापूशी बोलते, आणि बापू ते आपल्याला सांगतो.

१९८१ च्या मराठी प्रेक्षकाचा विचार करता या योजनेचे महत्त्व कमी लेखता येत नाही. 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' यांच्यावरून उठलेली वादळे पाहिलेल्या नाटककाराला प्रेक्षकाच्या प्रतिकाराची पुरेपूर कल्पना होती. बापू हा त्या प्रेक्षकाचाच प्रतिनिधी आहे: कनिष्ठ मध्यमवर्गीय, पापभीरू, चारचौघांत उठून न दिसणारा. बापूला जे समजायला वेळ लागतो तो वेळ प्रेक्षकालाही मिळतो. बापूला जो धक्का बसतो तो प्रेक्षकाच्या वतीने बसतो. एखाद्या अनोळखी घरी ओळखीच्या माणसाबरोबर जावे, तसा प्रेक्षक बापूचे बोट धरून मित्राच्या आयुष्यात प्रवेश करतो. मित्रा ही 'समस्या' न राहता हसणारी, चिडणारी, हट्टी, प्रसंगी स्वार्थी अशी माणूस वाटते, याचे श्रेय तेंडुलकरांच्या लेखणीइतकेच या निवेदनपद्धतीलाही आहे.

तथापि याच पद्धतीने काही दारे बंदही केली आहेत. बापू जेथे नाही तेथे नाटक फारसे जाऊ शकत नाही. मित्रा आणि नमा यांच्यातील प्रेमाचा आनंद, त्यांचे एकांतातले बोलणे, त्यांच्यातील साधा जिव्हाळा प्रेक्षकाला जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती त्या प्रेमाची किंमत. प्रेम बंद दाराआड घडते आणि त्याचे परिणाम मात्र रंगमंचाच्या मध्यभागी घडतात. नमाच्या बाबतीत हा तोटा अधिक मोठा आहे. ती मित्रा आणि मन्या यांच्यामध्ये हेलकावत राहते. तिला खरोखर काय वाटत होते, तिला मित्राविषयी ओढ होती की भीती, की दोन्ही, हे बापूला कळत नाही आणि म्हणून प्रेक्षकालाही कळत नाही. मित्रावर अन्याय झाला असे म्हणताना नमाकडे 'दुबळी' म्हणून पाहण्याचा मोह मराठी वाचकाला होतो. तो मोह वस्तुतः निवेदकाच्या अज्ञानातून निर्माण झालेला आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बापू तटस्थ साक्षीदार नाही. त्याचे मित्रावर प्रेम आहे, आणि ते सफल होणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तेंडुलकरांनी त्याला निवेदक करताना त्याच्या सहानुभूतीत ही वेदना आणि थोडासा अहंकारही मिसळला आहे. अखेरीस तो मित्राकडे पाठ फिरवतो तेव्हा ज्याच्या डोळ्यांनी आतापर्यंत पाहिले तोच कमी पडला, हे प्रेक्षकाला स्वीकारावे लागते. हे नाटकाचे मोठे सामर्थ्य आहे. साक्षीदाराला दोषमुक्त न करणारा हा शेवट पुढच्या अनेक सहानुभूतिपूर्ण कलाकृतींना साधलेला नाही.

रवी जाधव यांनी याच नाटकावरून 'मित्रा' हा लघुपट केला. बासष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट लघुकथापट ठरला. कृष्णधवल छायाचित्रण आणि स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमाराचा काळ यांमुळे देशाचे स्वातंत्र्य आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य यांची जोड आपोआप घातली जाते. ही जोड परिणामकारक असली तरी थोडी सोपी आहे. मूळ नाटकातील बापूचा थकवा आणि त्याचे कमी पडणे यांना लघुपटाच्या मर्यादित अवकाशात पुरेशी जागा मिळत नाही, आणि साक्षीदार पुन्हा निर्दोष होतो.

'उंबरठा' : अधिकारी स्त्रीची नजर

नाटकानंतर लगेचच, १९८२ मध्ये, जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाची पटकथाही तेंडुलकरांचीच. महिलाश्रमाची अधीक्षक सुलभा (स्मिता पाटील) हिच्यासमोर दोन आश्रमवासी स्त्रियांच्या परस्परसंबंधांचा प्रश्न येतो. व्यवस्थापनाला हा निव्वळ अनाचार वाटतो. सुलभा मात्र शिक्षेऐवजी मानसोपचाराचा विचार मांडते. त्या काळी हीच पुरोगामी भूमिका होती, हे मान्य करावे लागेल. परंतु त्या दोन स्त्रिया चित्रपटात सुलभेच्या कसोटीचा एक प्रसंग म्हणून येतात आणि जातात. त्यांच्याकडे पाहणारी नजर येथे मित्राची नसून अधिकाऱ्याची आहे. सहृदय अधिकाऱ्याची, इतकेच.

'अलीगढ' : दोन कॅमेरे

अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या विद्यापीठ आवारातील निवासस्थानी काही जण कॅमेरा घेऊन घुसले आणि एका रिक्षाचालकासमवेत असताना त्यांचे चित्रीकरण केले. विद्यापीठाने घुसखोरीचा जाब विचारण्याऐवजी गैरवर्तनाच्या कारणावरून सिरस यांनाच निलंबित केले. एप्रिलच्या आरंभी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवडाभरातच, ७ एप्रिल रोजी, ते आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले.

या घटनेचा कायदेशीर संदर्भ महत्त्वाचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सज्ञान व्यक्तींमधील संमतीने व खासगीत होणारे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले होते. म्हणजे सिरस यांच्या घरात कॅमेरा शिरला तेव्हा त्या निर्णयाला सात महिने झाले होते. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा मात्र परिस्थिती उलटी होती. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला होता. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाला अजून अडीच वर्षे होती. त्यामुळे 'अलीगढ'च्या पहिल्या प्रेक्षकाने जे पाहिले ते सरलेल्या अन्यायाचे स्मरण नव्हते. पडद्यावरचा नायक कायद्याच्या नजरेत त्या दिवशीही गुन्हेगार ठरू शकत होता.

येथे लोकप्रिय माध्यम हेच घटनेचे एक पात्र आहे, ही बाब समीक्षेच्या दृष्टीने कळीची ठरते. समलिंगी व्यक्तीचे चित्रण करणारा पहिला कॅमेरा कलावंताचा नव्हता. तो दार ढकलून आत आलेल्यांचा होता. असे कॅमेरे अलीगढपुरते मर्यादित नव्हते. २०११ मध्ये हैदराबादमधील समलिंगी पुरुषांविषयी छुप्या पद्धतीने मिळवलेले साहित्य दाखवणाऱ्या एका वृत्तवाहिनीला प्रसारकांच्याच नियामक मंडळाने क्षमायाचना प्रसारित करण्याचा आदेश दिला होता आणि १ लाख रुपये दंड ठोठावला होता. ज्या विषयावर कथापटकार चाचरत बोलत होते, त्याच विषयावर वृत्तमाध्यमे दारे तोडत होती.

हंसल मेहता आणि पटकथाकार अपूर्व असरानी यांना या पहिल्या कॅमेऱ्याची जाणीव आहे. चित्रपटाचा आरंभच रात्रीच्या रस्त्यावरून, दूर ठेवलेल्या स्थिर कॅमेऱ्याने होतो. रिक्षा येते, घरात दिवे लागतात, काही वेळाने माणसे चोरपावलांनी आत शिरतात. प्रेक्षक बाहेरच उभा राहतो. घुसखोरांच्या मागोमाग आत शिरण्याची संधी त्याला नाकारली जाते. ही रात्र पुढे पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी थोडी अधिक कळते. पण जी दृश्ये मिळवण्यासाठी त्या लोकांनी दार ओलांडले, त्या दृश्यांची भूक चित्रपट भागवत नाही. याउलट, एकटा सिरस हातात मद्याचा पेला घेऊन लता मंगेशकरांची गाणी ऐकत बसतो, त्या प्रसंगी कॅमेरा दीर्घकाळ त्याच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. मनोज बाजपेयी यांच्या चेहऱ्यावर तेथे जे घडते ते कोणत्याही शोधपत्रकाराच्या कॅमेऱ्याला टिपता आले नसते. एका माणसाच्या खासगीपणात शिरण्याची ही दुसरी रीत आहे. आत येण्यापूर्वी ती थांबते आणि आल्यावर घाई करत नाही.

दीपू सेबास्टियन (राजकुमार राव) हा तरुण वार्ताहर या दुसऱ्या नजरेचा वाहक आहे. तो इंग्रजी वृत्तपत्रात काम करतो, केरळी आहे, वयाने सिरसच्या निम्मादेखील नाही. दोघेही अलीगढला परके. त्यांच्या संवादांतून चित्रपटाचे मर्म उलगडते. आपल्या भावनेला इंग्रजीतल्या एका तीन अक्षरी शब्दात कसे बसवणार, असे सिरस त्याला विचारतो. कवितेचा अर्थ शब्दांमधल्या रिकाम्या जागांत असतो, अशा आशयाचे काही सांगतो. हे बोलणे मराठीच्या प्राध्यापकाला शोभणारे आहे. चळवळीची भाषा, न्यायालयाची भाषा आणि वृत्तपत्राची भाषा या तिन्हींपासून तो अंतर राखतो. न्यायालयात आपल्याच खटल्याची सुनावणी चालू असताना तो डुलक्या घेतो किंवा कवितांच्या अनुवादात गढलेला असतो. खटला 'हक्कां'चा आहे. त्याला हवे आहे ते एकटे राहू देणे. समलिंगी व्यक्तिरेखेला चळवळीचे प्रतीक न करता तिच्या वयासह, संकोचासह आणि थोड्या विक्षिप्तपणासह उभे करण्यात 'अलीगढ'ने भारतीय चित्रपटाला एक वेगळी पातळी दाखवली, यात शंका नाही.

परंतु 'मित्राची गोष्ट'ला विचारलेला प्रश्न येथेही विचारावाच लागतो. दीपू जेथे पोचतो तेथेच सहानुभूती पोचते. दीपू प्राध्यापकापर्यंत पोचतो, कारण दोघेही वाचणारे, लिहिणारे, इंग्रजीत बोलू शकणारे आहेत. रिक्षाचालकापर्यंत तो जवळजवळ पोचतच नाही. त्या रात्री घरात दोन माणसे होती. एकाला निलंबन, वकील, उच्च न्यायालय, वृत्तपत्र आणि अखेर चित्रपट मिळाला. दुसऱ्याची बाजू घटनेच्या वेळी परिघावर होती आणि पडद्यावरही ती परिघावरच राहते. तो गरीब आहे, मुसलमान आहे, त्याला नोकरी गमावण्याचे भय नाही, कारण त्याच्याजवळ निलंबित करण्यासारखी नोकरीच नाही. चित्रपट त्याच्याविषयी क्रूर नाही. पण साक्षीदाराच्या वर्गाची मर्यादा ही त्याच्या सहानुभूतीचीही मर्यादा ठरते, हे त्याच्या पुसट रेषांवरून दिसते.

सिरस यांचे प्रकरण महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या दृष्टीने आणखी एका अर्थाने अस्वस्थ करणारे आहे. सहकाऱ्यांचे वर्तन चित्रपटाने बारकाईने टिपले आहे. त्यात उघड द्वेष थोडा आहे आणि मौन पुष्कळ. निवासस्थान विद्यापीठाचे असल्यामुळे तेथील खासगीपणही विद्यापीठाच्या मालकीचे, असा एक अलिखित समज शिस्तभंगाच्या कारवाईमागे दिसतो. आचारसंहितेतील 'शिक्षकाला न शोभणारे वर्तन' हा शब्दप्रयोग किती लवचीक आहे आणि तो कोणाविरुद्ध वापरला जातो, हा केवळ अलीगढचा प्रश्न नाही. शिवाय सिरस मराठीचे होते. 'पाया खालची हिरवळ' हा त्यांचा संग्रह मराठी आहे. चित्रपटाने त्यांचे नाव देशभर नेले, तरी त्यांच्या कवितेचे मूल्यमापन हे काम चित्रपटाचे नव्हे. ते मराठी समीक्षेचे आहे. सिरस हे कवी होते असे सांगणारे लेखन त्यांच्या कवितेपाशी थांबत नाही, तोवर तेही त्या रात्रीच्या दारातूनच त्यांच्याकडे पाहत असते.

सहानुभूतीची दुसरी अट

स्त्रीवेषातील पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती यांचे प्रश्न समलिंगी व्यक्तींच्या प्रश्नांहून भिन्न आहेत, आणि त्यांची सरमिसळ लोकप्रिय माध्यमांनी पुरेशी केली आहे. मध्यस्थीच्या मुद्द्यापुरता मात्र त्यांचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. राजीव पाटील यांच्या 'जोगवा' (२००९) या चित्रपटात तायप्पाला त्याच्या इच्छेविरुद्ध जोगता व्हावे लागते. रवी जाधव यांच्या 'नटरंग' (२०१०) मध्ये, आनंद यादव यांच्या कादंबरीतील गुणा पैलवानकीचे शरीर सोडून नाच्या होतो. उपेंद्र लिमये आणि अतुल कुलकर्णी यांचे अभिनय, अजय-अतुल यांचे संगीत आणि विषयाचे गांभीर्य यांमुळे दोन्ही चित्रपटांनी मराठी प्रेक्षकांच्या मनावर मोठा परिणाम केला. समाज बायकी म्हणून हिणवलेल्या पुरुषाचे काय करतो याचे 'नटरंग'मधील चित्रण विदारक आहे. परंतु दोन्ही चित्रपटांत प्रेक्षकाची सहानुभूती एका अटीवर मिळते. नायक 'खरा पुरुष' आहे, याची खात्री चित्रपट वारंवार देतो. तायप्पाची सुटका सुलीवरील प्रेमात आहे आणि साडी फेकून देण्यात आहे. गुणाचे स्त्रैण हावभाव कलेसाठी आहेत. ज्याला साडी नेसून बरे वाटते, अशा जोगत्याला 'जोगवा'त बोलायला जागा नाही. येथे साक्षीदार मित्राची गरज पडत नाही, कारण नायक स्वतःच आपल्या वेषाविरुद्ध साक्ष देतो.

याच दिग्दर्शकाची 'ताली' (२०२३) ही हिंदी वेबमालिका पुढचे पाऊल आहे. श्रीगौरी सावंत यांच्या जीवनावरील या मालिकेत स्त्रीत्व लादलेले नाही; ते नायिकेने मिळवलेले आहे. १५ एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंतचा प्रवास तीत आहे. 'नटरंग'पासून 'ताली'पर्यंत तेरा वर्षांत एका दिग्दर्शकाच्या दृष्टीत झालेला हा बदल नोंद घेण्याजोगा आहे. तरीही कथन पुन्हा एका पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीच्या चौकटीत बसवलेले आहे, आणि मुख्य भूमिका सुश्मिता सेन या तारांकित अभिनेत्रीने केली आहे. प्रेक्षकाला ओळखीचे बोट अजूनही लागतेच. मराठी पुस्तकांच्या जगात मध्यस्थीचे अधिक प्रांजळ रूप आढळते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' (२०१२) हे आत्मकथन वैशाली रोडे यांनी शब्दांकित केले. शब्दांकन करणारीचे नाव पुस्तकावर आहे आणि 'मी' मात्र लक्ष्मीचा आहे. कोण बोलते आणि कोण लिहून घेते, याविषयी वाचकाची फसगत होत नाही.

साक्षीदाराविना

साक्षीदाराला वगळून या अनुभवाविषयी मराठीत बोलणे झालेच नाही, असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक आपले लैंगिक प्रश्न स्वतः विचारत, आणि कर्वे त्यांना नीतीचे पाठ न देता उत्तरे देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली झालेल्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्वे यांची बाजू मांडली. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. नाटककारांमध्ये सतीश आळेकर यांनी 'बेगम बर्वे' (१९७९) मध्ये नाट्यसंगीताच्या सुरांवर तरंगणारा, स्त्री-भूमिकांत रमलेला बर्वे उभा केला. त्याच्या आणि कारकुनाच्या 'संसारा'कडे पाहून प्रेक्षकाने हसावे की व्याकूळ व्हावे, हे सांगणारा कोणी निवेदक आळेकरांनी ठेवला नाही.

या दृष्टीने सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्ल्यू' (२००६) या कादंबरीचे स्थान विशेष आहे. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात भाड्याने राहायला आलेल्या तरुणावर घरातला मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा हे दोघेही प्रेम करतात. तो तरुण निघून जातो. कादंबरीचा पहिला भाग तनयच्या तोंडी आहे, आणि तो वाचकाशी बोलत नाही. निघून गेलेल्या त्या तरुणाशी बोलतो. वाचकाला येथे कोणी हाताला धरून आत नेत नाही. तो दुसऱ्याचे पत्र हाती लागल्यासारखा वाचत जातो. 'मित्राची गोष्ट'त न दिसलेले पुष्कळ काही येथे साध्या तपशिलांतून दिसते: दोघांची खोली, वस्तू, वास, दुपारी, एकमेकांच्या सवयी. तनय आपल्या प्रेमाचे समर्थन करत नाही, कारण तो ज्याच्याशी बोलतो आहे त्याला समर्थनाची आवश्यकताच नाही. नंतर अनुजाची रोजनिशी येते आणि त्याच माणसाविषयीचे तिचे दुःख त्याच तोलाने मांडते. भावाचे प्रेम अपवाद आणि बहिणीचे प्रेम नियम, असा भेद कादंबरीची रचनाच करू देत नाही.

ही कादंबरी २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर चित्रपटरूपाने आली. पटकथा कुंडलकरांचीच, पण पुण्याचे घर जाऊन १९९० च्या दशकातली कोची आली, आणि मराठीच्या जागी प्रामुख्याने हिंदी व इंग्रजी. कोचीचे पाणी, भिंती आणि प्रकाश यांनी चित्रपटाला देखणेपण दिले आहे. गेले ते सदाशिव-नारायण पेठी मराठी घरातील बोलणे आणि न बोलणे. जेवणाच्या ताटावर, पाहुण्यांसमोर, वडिलांच्या एखाद्या अर्ध्या वाक्यात जो दाब असतो तो त्या भाषेतच होता. चित्रपटात एक नवीन व्यक्तिरेखा ठळक झाली आहे: तनयला शिकवणारा, एकाकी, आपला कल लपवून जगणारा साहित्याचा प्राध्यापक. तो विद्यार्थ्याकडे ओढला जातो आणि त्याला नकार मिळतो. सिरसची आठवण होणे येथे अटळ आहे. मात्र या प्राध्यापकाला दीपू भेटलेला नाही, आणि तनयला त्याच्या एकटेपणाशी काही देणेघेणे नाही. तो आपल्या प्रेमात बुडालेला तरुण आहे. त्यामुळे प्राध्यापक काही प्रसंगांत दिसतो आणि कथा त्याला तेथेच सोडून पुढे जाते.